थंडीतली मधपेटी: दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतची कामे

नव्याने मधमाश्या पाळू लागलेले बरेच जण हिवाळ्याच्या कामांची माहिती युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओंमधून घेतात. पेटीला जाड आवरण गुंडाळायचे, भरपूर मध आत ठेवायचा आणि वसंत येईपर्यंत झाकण उघडायचे नाही, असे तिकडे सांगतात. जिथे महिनोन्‌महिने बर्फ असतो तिथे ते बरोबरच आहे. आपल्याकडे माश्यांना घरात कोंडणारा काळ म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर उडायला उघडीप नसते, फुले धुऊन जातात आणि वसाहती खंगतात. त्यानंतर येणारा हिवाळा हा आपल्यासाठी उभारणीचा हंगाम आहे. माघ-फाल्गुनात आणि पुढे चैत्र-वैशाखात मध किती मिळेल, हे बहुतांशी कार्तिक ते पौष या महिन्यांत पेटीकडे किती लक्ष दिले यावर ठरते.

हा लेख मुख्यतः सातेरी माशी (आपली देशी पाळीव मधमाशी) पाळणाऱ्यांसाठी आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात नवशिके बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतात. मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशीच्या) पेट्यांसाठी जिथे वेगळे काही करायचे, तिथे तसे लिहिले आहे.

१. आधी बाहेरून बघा

पेटी उघडण्यापूर्वी पाच मिनिटे दाराच्या बाजूला बसा. दारासमोर बसू नका, माश्यांची ये-जा अडते. पायांना परागाचे गोळे लावून कामकरी माश्या आत शिरत असतील, तर आत बहुधा अंडी घालणारी राणी आहे आणि पिलावा (अंडी, अळ्या आणि कोष) वाढतो आहे. दाराशी मेणाचा कोरडा भुगा पडलेला असेल, तर दोन शक्यता असतात. सातेरी जुने काळे पोळे स्वतःच कुरतडून खाली टाकते. ती तिची सवय आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण भुग्यात कोळ्यासारखे जाळे आणि काळसर बारीक लेंड्या दिसल्या, तर आत मेणकिडा (मेणपतंगाची अळी) शिरलेला आहे. दाराशी पांढरी, मऊ, अर्धवट वाढलेली पिल्ले ओढून टाकलेली दिसली, तर त्याच दिवशी आत बघा. त्याबद्दल पुढे आहे.

२. उघडण्याची वेळ

स्वच्छ ऊन, वारा नाही, सकाळी अकरा ते दुपारी तीन. हिवाळ्यात याबाहेर पेटी उघडू नये. पिलाव्याला साधारण ३४ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ती माश्या स्वतःच्या अंगाने देत असतात. बाहेर गार वारा असताना पिलाव्याची चौकट (पोळे असलेली लाकडी चौकट) हातात धरून फोटो काढत बसलात, तर त्या ऊबेचे नुकसान भरून काढायला त्यांना मध जाळावा लागतो. काढलेल्या चौकटींवर आणि उघड्या कोठीवर (चौकटी ठेवायच्या खोक्यावर) सुती फडके टाकावे. सगळी तपासणी आठ-दहा मिनिटांत उरकावी. दर आठ-दहा दिवसांनी एकदा पाहणे पुरेसे आहे. कडाक्याची थंडी पडली असेल त्या आठवड्यात बाहेरूनच बघा.

३. दिवाळीनंतरची मोठी तपासणी

या तपासणीत चार प्रश्नांची उत्तरे मिळवायची आणि वहीत तारखेसह लिहायची.

राणी आहे का? राणी दिसलीच पाहिजे असे नाही. पोळ्यातल्या घराच्या (खणाच्या) तळाशी एकेक अंडे दिसले की पुरे. अंडे तीन दिवसांत उबते, म्हणजे तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी तिथे होती. एका घरात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर राणी नाही आणि कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत.

पिलावा सलग आहे की विखुरलेला? चांगल्या राणीचा पिलावा चौकटीवर दाट पसरलेला असतो. मध्ये मध्ये बरीच घरे रिकामी असतील, तर राणी म्हातारी तरी आहे किंवा रोग तरी आहे.

मध किती आहे? पिलाव्याच्या चौकटींच्या वरच्या कडेला बंद केलेल्या मधाची निदान तीन-चार बोटे पट्टी हवी.

आणि चौथा प्रश्न, जो नवशिके विचारतच नाहीत: माश्या किती चौकटी झाकतात? सातेरीच्या बाबतीत मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात वसाहत आकसते, पण पेटीत चौकटी तितक्याच राहतात. कडेच्या दोन-तीन पोळ्यांवर माशीच नसते. राखणदार नसलेल्या त्या पोळ्यांत मेणपतंग अंडी घालतो, अळ्या जाळे विणत मधल्या पिलाव्यापर्यंत पोचतात आणि एके दिवशी सगळी वसाहत घर सोडून निघून जाते. मालक म्हणतो, माश्या पळाल्या. खरे तर त्यांना राहण्याजोगे घर उरलेले नसते. म्हणून जितक्या चौकटी माश्यांनी दोन्ही बाजूंनी गच्च झाकल्या असतील तितक्याच आत ठेवा. बाकीच्या झटकून बाहेर काढा आणि मोकळ्या जागेकडे एक विभाजक फळी लावा. पाच चौकटींवर विखुरलेल्या वसाहतीपेक्षा तीन चौकटींवर दाटलेली वसाहत लवकर वाढते. वाढली की एकेक चौकट परत द्यायची.

याच वेळी तळपाट (पेटीची तळाची फळी) बदला. जवळ एक जादा स्वच्छ तळपाट असला की काम सोपे होते. कोठी उचलून नव्यावर ठेवायची, जुना पटाशीने खरवडून उन्हात टाकायचा. तळाशी साचलेल्या भुग्यातच मेणकिड्याची पहिली पिढी वाढते, म्हणून तो भुगा पेटीशेजारी न झटकता जाळून टाका.

दोन चौकटीही न झाकणारी वसाहत हिवाळ्यात एकटीने उभी राहणे अवघड असते. ती शेजारच्या वसाहतीत मिसळा. कमकुवत राणी काढून टाका, सांजवेळी चांगल्या वसाहतीच्या कोठीवर बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि दुसरी कोठी वर ठेवा. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोघांचा वास एक होतो आणि भांडण होत नाही. संख्या कमी झाली म्हणून वाईट वाटते, पण दोन मरणाऱ्या पेट्यांपेक्षा एक भरलेली पेटी बरी.

४. थंडीचा बंदोबस्त

कोकणात याची फारशी गरज नसते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात डिसेंबर-जानेवारीत दव गोठते, निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच-सहा अंशांवर येतो, विदर्भातही रात्री चांगल्याच गार असतात. तिथे थोडी तयारी हवी.

थंडी वाढली की माश्या एकमेकींना चिकटून घोस करतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता तयार करतात. हे सगळे मधाच्या बळावर चालते. मध असेल तर आपल्याकडच्या थंडीत निरोगी वसाहत सहसा मरत नाही. म्हणून आधी मध आणि मग आडोसा.

पेटीचे तोंड पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावे, म्हणजे कोवळे ऊन दारावर पडते. वाऱ्याच्या बाजूला कुडाचा किंवा कडब्याचा आडोसा करावा. आतल्या झाकणावर कोरड्या गोणपाटाची घडी ठेवावी. फटी शेणमातीने लिंपाव्यात आणि दार दोन-तीन माश्या एकावेळी जातील इतके अरुंद करावे. पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आतली वाफ बाहेर पडत नाही, झाकणाखाली पाणी धरते आणि ते गार थेंब पिलाव्यावर पडतात. पेटी दाराच्या बाजूला किंचित कललेली असली की ओल बाहेर जाते.

स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे का, हे हिवाळ्यातही पाहा. पावसात त्या आपोआप भरतात, नंतर कोरड्या पडतात आणि मुंगळे थेट वर चढतात. गवताची एक काडी पेटीला टेकलेली असली तरी त्यांना पूल मिळतो, म्हणून भोवतालचे गवत कापा.

५. पाक कधी आणि कसा

आधी परिसर बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारळे फुललेले असेल, तर माश्यांना बाहेरच भरपूर मिळते. त्यानंतर देशावर तूर, ज्वारीचा पराग, धने, करडई, सूर्यफूल, पुढे कांद्याचे बीजोत्पादनाचे प्लॉट असा क्रम लागतो. घाटमाथ्यावर पिसा, व्हायटी अशी फुले हिवाळ्याच्या सुरुवातीला साथ देतात. फुलोरा असताना पाक देणे हा खर्चही वाया आणि सवयही वाईट.

फुलांमध्ये खंड पडला आणि चौकटीत मधाची पट्टी दिसेनाशी झाली, की पाक द्यावा. साखर आणि पाणी समान वजनाने घ्यायचे. पाणी उकळून गॅस बंद करावा, मग साखर विरघळवावी आणि पूर्ण गार होऊ द्यावे. साखर करपली तर तो पाक माश्यांना बाधतो. गूळ देऊ नये, त्यांना हगवण लागते. दुसऱ्या कुणाच्या पेटीतला किंवा बाजारातला मध तर मुळीच देऊ नये, कारण रोगाचे जंतू मधातून येतात.

सातेरीच्या मध्यम वसाहतीला एका वेळी एक पेलाभर पाक पुरतो. पसरट वाटीत गवताच्या काड्या टाकून ती पेटीच्या आत ठेवावी, म्हणजे माश्या बुडत नाहीत. सूर्य मावळल्यावर द्यावा, सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्यावा आणि बाहेर एक थेंबही सांडू देऊ नये. दुपारी पाक दिला की वासावर शेजारच्या वसाहती तुटून पडतात. लूट एकदा सुरू झाली की कमकुवत पेटी वाचवणे फार कठीण जाते.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. मधकोठी (मध साठवण्यासाठी वर ठेवायची कोठी) चढवली की पाक बंद. त्यानंतर दिलेला पाक पोळ्यात मधाच्या जागी साठतो आणि तो बाटलीत भरून विकणे ही भेसळच आहे.

६. रोग, पक्षी आणि फवारणी

सातेरीचा सर्वांत घातक रोग म्हणजे थाई सॅकब्रूड. या विषाणूने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या होत्या. रोगट अळी घरात डोके वर करून होडीच्या आकारात पडलेली दिसते. चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी बाहेर येते. यावर औषध नाही. कुणी प्रतिजैविकाची पुडी दिली तरी घेऊ नका, विषाणूवर ती चालत नाही आणि मधात मात्र उतरते. रोगट पेटीची चौकट दुसरीत घालू नका, पटाशी आणि हात धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडू नका. राणी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवले, तर माश्यांना घरे साफ करायला सवड मिळते आणि काही वसाहती त्यातून सावरतात. शंका असेल तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वरचे मध संचालनालय यांच्याकडे चौकशी करा. नवशिक्यांनी पहिल्या वर्षीच अशा ठिकाणी प्रशिक्षण घ्यावे, हे मी आग्रहाने सांगेन.

मेलिफेराला व्हरोआ माइटचा (माशीच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवीचा) त्रास अधिक. सातेरी तर त्या माइटची मूळ यजमान आहे, पण ती एकमेकींच्या अंगावरून माइट काढून टाकते आणि निभावून नेते. मेलिफेरावाल्यांनी हिवाळ्यात पिलावा कमी असतानाच उपचाराचे बघावे, कारण बंद घरांत लपलेल्या माइटपर्यंत बहुतेक उपाय पोचत नाहीत.

नरांच्या बंद घरांच्या टोपणाला मधोमध बारीक भोक दिसते. सातेरीत ते नैसर्गिक आहे, त्याला रोग समजून चौकट कापू नका.

गांधीलमाश्यांचे घर जवळपास असेल तर शोधून हटवावे. वेड्या राघूंना मारू नये. दुपारी दाराशी त्यांचा थवा बसत असेल, तर पेटी झाडाच्या आडोशाला न्यावी. पण जागा बदलताना एकदम दहा-वीस मीटरवर नेऊ नका, माश्या जुन्या जागीच परत येतात. रोज एखादा हात सरकवा.

फवारणीबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोला. तूर फुलोऱ्यात असतानाच घाटेअळीसाठी फवारणी होते आणि कोकणात आंब्याच्या मोहरावर तुडतुड्यांसाठी. दोन्ही वेळा माशी त्याच फुलांवर असते. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायची विनंती करा आणि आदल्या दिवशी निरोप मागा. निरोप मिळाला तर रात्री दाराला जाळी लावून, हवा खेळती ठेवून, पेटी एक दिवस बंद ठेवता येते. बहुतेक शेतकरी ऐकतात, कारण कांद्याचे बी किंवा डाळिंबाची फळधारणा यांत माशीचा वाटा त्यांनाही ठाऊक असतो.

७. साठवलेले साहित्य

उन्हाळ्यात मध काढून झाल्यावर बांधून ठेवलेल्या मधकोठ्या आणि रिकामी पोळी थंडीतच बाहेर काढायची. फेब्रुवारीत फुलोरा दारात आल्यावर गाठोडे सोडले आणि आत जाळे निघाले, तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

बांधलेले पोळे ही मधपाळाची सर्वांत मोलाची ठेव आहे. मेण तयार करायला माश्यांना पुष्कळ मध खावा लागतो. तयार पोळे मिळाले की तोच मध कोठीत साठतो. आणि हेच पोळे मेणकिड्याचे आवडते खाद्य आहे. थंड देशांत गोठणबिंदूच्या खाली गेलेल्या कोठारात तो आपोआप मरतो. आपल्याकडे घराच्या माळ्यावर तो बारा महिने जगतो. थंडीत फक्त त्याची वाढ मंदावते.

पोळ्यांचे तीन गट करा. पांढरी-पिवळी, फक्त मध साठवलेली पोळी जपून ठेवायची, कारण त्यांत किडा सहसा कमी येतो. तपकिरी, ज्यांत एक-दोन पिढ्या पिलावा वाढला, ती दोष नसेल तर वापरायची. काळी, जड, उजेडात धरली तर आरपार न दिसणारी पोळी वितळवायची. त्यांत कातड्या आणि परागाचे अवशेष असतात आणि किड्याला मेणापेक्षा तेच हवे असते.

ठेवायच्या पोळ्यांसाठी घरच्या फ्रीजचा डीप फ्रीजर हा मला सर्वांत चांगला उपाय वाटतो. पोळी पिशवीत घालून दोन दिवस ठेवली की अंड्यांसकट सगळे मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पृष्ठभाग कोरडा करा, मग हवाबंद करा.

पोळी जास्त असतील तर गंधकाची धुरी द्यावी लागते. मोकळ्या अंगणात कोठ्या एकावर एक रचायच्या, सांधे कागदाने आणि चिकणमातीने बंद करायचे, सर्वांत वरच्या रिकाम्या कोठीत लोखंडी तव्यावर निखारे ठेवून त्यावर गंधक टाकायचे आणि झाकण लावायचे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरतो, म्हणून गंधक वर ठेवायचे. निखारे आणि मेण यांत अंतर हवे, मेण पेट घेते. धूर नाकातोंडात जाऊ देऊ नका, मुलांना दूर ठेवा. गंधकाने अळ्या आणि पतंग मरतात, अंडी मरत नाहीत. त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा धुरी देणे चुकवू नका. वापरण्याआधी पोळी दोन दिवस उघड्या हवेत ठेवा. ज्या पोळ्यांत मध किंवा पराग शिल्लक आहे त्यांना ही धुरी देऊ नये.

डांबराच्या गोळ्या मात्र कधीही नाहीत. मेण तो वास शोषून घेते आणि पुढे मधात उतरवते. असा मध खाण्यालायक राहत नाही.

काळी पोळी एक दिवस पाण्यात भिजवून सुती पिशवीत बांधा, पातेल्यात तळाशी दगडाने दाबा आणि मंद आचेवर पाणी गरम करा. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते, पाण्याला खळखळून उकळी आणण्याची गरज नाही. मेण वर तरंगते, रात्रभरात वडी जमते. भांडे स्टीलचे घ्या, लोखंड आणि तांब्यात मेणाचा रंग बिघडतो. पुढे नवे मेणपत्रे (माश्या ज्यावर पोळे बांधतात ते मेणाचे पातळ पत्रे) घेताना सातेरीचेच मागा. मेलिफेराच्या पत्र्यावरचे घर मोठे असते आणि सातेरी त्यावर नीट बांधत नाही.

रिकाम्या चौकटी पटाशीने खरवडून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यातून काढाव्यात, उन्हात वाळवाव्यात, ढिल्या तारा ताणून घ्याव्यात. कोठीच्या आतल्या भिंतींवरून ज्योत फिरवली की खाचांतले कोष जळतात. रंग द्यायचा तर फक्त बाहेरून, फिकट, आणि वापराच्या निदान महिनाभर आधी. मधयंत्र (पोळ्यातून मध काढायचे यंत्र) आधी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने मेण वितळून जाळीला चिकटते. मग पुसून कोरडे करा आणि गिअरला खाद्योपयोगी ग्रीस लावा. माश्यांना धूर द्यायच्या धुरांड्यातली काजळी खरवडा, भात्याला चीर गेली आहे का बघा, बुरख्याच्या जाळीला भोक असेल तर आजच शिवा.

८. जानेवारीनंतर

पेटीत नर दिसू लागले आणि पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरे आली, की वसाहत फुटायच्या तयारीत आहे. पहिल्याच वर्षी विभाजनाच्या मागे लागू नका. दाटी कमी करायला एक रिकामी चौकट द्या, राणीघरे मोडा आणि दर आठवड्याला बघत राहा. विभाजन करायचेच असेल तर शिशुकोठी (पिलाव्याची खालची कोठी) काठोकाठ भरलेल्या वसाहतीचे करा, आणि परिसरात नर असतानाच. नाहीतर नव्या राणीचे मीलन होत नाही.

मधकोठी चढवण्याची वेळ चौकटींवरून कळते. शिशुकोठीतल्या सगळ्या चौकटी माश्यांनी झाकल्या, पोळ्यांच्या वरच्या भागात घरे पांढऱ्या ताज्या मेणाने उंचावली आणि आतल्या झाकणाखाली मेणाचे तुकडे बांधायला सुरुवात झाली, की जपून ठेवलेली पांढरी पोळी वर द्या. देशावर हे धने किंवा सूर्यफुलावर लवकर होते. घाटमाथ्यावर गेळा आणि जांभूळ फुलण्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. चार दिवसांनी झाकण उचलून बघा. माश्या वर चढल्या नसतील तर कोठी काढून घ्या, रिकामी कोठी खालची ऊब घालवते. आठवड्याने पुन्हा ठेवा.